.३१५ बोअरची जुनी रायफल: एकच नेम धरूनही गोळ्या दोन ठिकाणी का लागतात?

धरमपेठी
नमस्कार मंडळी. आजोबांची .३१५ बोअरची, आपल्याच आयुध निर्माणीत बनलेली, दर गोळीला खिटी (बोल्ट) हाताने मागेपुढे करावी लागणारी बोल्ट अ‍ॅक्शन रायफल वारसाहक्काने माझ्या परवान्यावर आली आहे. आमची शेती उमरेडकडे असून मूळ परवाना पीकसंरक्षणासाठी होता. मी मात्र ही रायफल फक्त रेंजवर, कागदी लक्ष्यावर चालवतो.

पूर्वी वाळूच्या पिशवीवर टेकवून, उघड्या साईटने (दुर्बिणीशिवाय), ५० मीटरवर पाच गोळ्यांचा ग्रुप (कागदावरच्या भोकांचा झुपका) ७-८ सेंटिमीटरमध्ये बसत असे. परवाना नावावर झाल्यानंतर एका परवानाधारक दुकानातून तिची संपूर्ण साफसफाई करून घेतली आणि लाकडालाही नव्याने पॉलिश करून घेतले. तेव्हापासून तोच ग्रुप २० सेंटिमीटरच्या पुढे गेला आहे. विशेष म्हणजे गोळ्या सगळीकडे विखुरत नाहीत, त्यांचे दोन पुंजके पडतात. एक नेमाच्या जागी आणि दुसरा त्याच्या वर, डावीकडे. पुढची गोळी कोणत्या पुंजक्यात जाईल, हे आधी काही केल्या सांगता येत नाही.

काडतुसांचा वार्षिक कोटा परवान्यावर ठरलेला असल्यामुळे प्रयोगावर प्रयोग करणे परवडणारे नाही. तपासणीला कुठून सुरुवात करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुनापूल
दोन पिढ्या वापरलेली रायफल आहे. नळीतल्या खाचा झिजल्या असणार. माझ्या मते नळीच बदलावी लागेल, बाकी उपायांत वेळ घालवू नये.

निवृत्त_सुभेदार
जुनापूल यांच्याशी मी सहमत नाही. झिजलेली नळी हळूहळू बिघडते, वर्षागणिक ग्रुप थोडाथोडा पसरत जातो. साफसफाई झाल्याबरोबर एकाएकी ग्रुप फाटला, तर दोष त्या साफसफाईत काय उघडले आणि काय परत बसवले तिथे शोधावा. शिवाय झिजलेली नळी गोळ्या सगळीकडे पसरवते. तिला दोन ठरावीक जागा सापडत नाहीत. पुंजके दोन असतील तर रायफलीचा कुठला तरी भाग आलटूनपालटून दोन जागी बसतो आहे, असे समजावे.

मॅगझिन काढून, बोल्ट मागे घेऊन, चेंबर (नळीतली काडतूस बसण्याची जागा) डोळ्यांनी आणि बोटाने रिकामे असल्याची खात्री केल्याशिवाय पुढचे काहीही करू नये. त्यानंतरच्या पहिल्या तपासण्यांना एकही काडतूस लागत नाही. चापाच्या कडीचे पुढचे आणि मागचे स्क्रू घट्ट आहेत का ते पाहा. एका हाताने मागचा दस्ता आणि दुसऱ्या हाताने चेंबरजवळचा भाग धरून हलकासा पीळ द्या. किंचित जरी हालचाल जाणवली, तरी दोषाचा धागा हाती लागला असे समजा. आपली .३१५ ज्या ली-एनफिल्ड घराण्यातली आहे, त्यातल्या रायफलींचे लाकूड अखंड नसते. मागचा दस्ता वेगळा असतो आणि तो आतून जाणाऱ्या एका लांब बोल्टाने आवळलेला असतो. दस्त्याचा हा बोल्ट सैल झाला की रायफल दर गोळीला खांद्यावर वेगळी बसते.

एक ताकीद मात्र लक्षात ठेवा. जुन्या पद्धतीच्या एनफिल्डमध्ये या बोल्टाचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड न काढता मागून पेचकस घालून बोल्ट फिरवला, तर ते लाकूड चिरते. आपल्या रायफलीची रचना कशी आहे हे पाहिल्याशिवाय त्याला हात लावू नये.

दहामीटर
सुभेदार साहेबांनी सांगितलेल्या तपासण्या कराव्यातच. तरीही रायफलीवर ठपका ठेवण्याआधी नेमबाजाकडे पाहण्याची सवय आम्हाला प्रशिक्षकांनी लावली आहे. .३१५ चा धक्का आणि आवाज दोन्ही मोठे असतात, आणि चाप दाबण्याच्या ऐन क्षणी खांदा पुढे ढकलला जाणे किंवा डोळे मिटणे हे आपल्या नकळत घडते. यावर सोपा उपाय आहे. सोबतच्या परवानाधारकाने मॅगझिनमध्ये खऱ्या काडतुसांबरोबर एखादे डमी (दारू नसलेले) काडतूस मिसळून द्यावे आणि ते कितवे आहे हे चालवणाऱ्याला सांगू नये. डमीवर चाप ओढला गेला आणि नळीचे टोक खाली गेले, तर कारण उघड झाले. कानांवर चांगले संरक्षण असावे. त्यानेसुद्धा बराच फरक पडतो.

गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकतो आहे का, हेही पाहा. उघड्या साईटमध्ये गालाची उंची थोडी बदलली तरी बॅकसाईटच्या (डोळ्याजवळच्या साईटच्या) खाचेत फोरसाईट (नळीच्या टोकावरची साईट) वरखाली दिसू लागते आणि गोळी उभ्या रेषेत सरकते.

धरमपेठी
ताई, डमीचा प्रयोग केला. नळीचे टोक स्थिर राहिले. त्याच रेंजवर एका अनुभवी नेमबाजांनी हीच रायफल त्यांच्या पद्धतीने चालवून पाहिली, तरी दोन पुंजके पडलेच. त्यामुळे दोष बहुधा रायफलीतच आहे.

यंत्रवेडा
मी यांत्रिकीचा माणूस आहे, म्हणून थोडे आकड्यांकडे वळतो. फोरसाईट आणि बॅकसाईट यांच्यातले अंतर ५० सेंटिमीटर धरले आणि फोरसाईट तिच्या खाचेत १ मिलिमीटर सरकली, तर ५० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर सरकते. म्हणजे डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या अर्ध्या मिलिमीटरच्या ढिलाईने ५ सेंटिमीटरचा फरक पडतो. फोरसाईट आणि तिची बैठक यांवर मिळून एक बारीक पेन्सिलरेघ ओढून ठेवा. गोळ्या झाडल्यानंतर ती रेघ तुटलेली दिसली, तर साईट हलते आहे.

दुसरा मुद्दा ग्रुपच्या मोजणीचा. बरेच जण तीन गोळ्यांच्या ग्रुपवरून निष्कर्ष काढतात. त्याच रायफलीचा, त्याच हाताचा पाच गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी सव्वापटीहून थोडा मोठाच येतो, आणि दहा गोळ्यांचा तर दीडपटीहून मोठा. त्यामुळे आजचा तीनचा ग्रुप आणि कालचा पाचचा ग्रुप यांची तुलना करून रायफल सुधारली असे म्हणता येत नाही. काडतुसे मोजकी असतील, तर प्रत्येक कागदावर नेमाचा बिंदू ठळक करावा आणि निरनिराळ्या दिवशी लागलेल्या गोळ्यांची भोके तो बिंदू जुळवून एकाच पारदर्शक कागदावर उतरवावीत. अशाने काडतूस वाया जात नाही आणि चित्र स्पष्ट होत जाते.

माझी एक सूचना अशी की पुढच्या लाकडातली नळीची खोबण घासून मोकळी करावी, म्हणजे नळी लाकडाला कुठेच टेकणार नाही. हल्लीच्या बहुतेक अचूक रायफली अशाच असतात.

सागवान
यंत्रवेडा यांच्या शेवटच्या सूचनेला माझा ठाम विरोध आहे. जुन्या लाकडी वस्तूंची दुरुस्ती हा माझा व्यवसाय आहे आणि घासलेले लाकूड परत येत नाही, हे मी रोज पाहतो. मोकळी नळी हे तत्त्व अखंड दस्त्याच्या आणि जाड नळीच्या रायफलींसाठी उत्तम आहे. एनफिल्ड पद्धतीत मात्र लाकूड आणि लोखंड काही ठरावीक जागी एकमेकांना घट्ट भिडलेले असणे अपेक्षित असते. गोळी सुटताना मागे येणारा धक्का अ‍ॅक्शनच्या (बोल्ट सामावणाऱ्या लोखंडी सांगाड्याच्या) मागच्या बाजूला लाकडाच्या दोन छोट्या पृष्ठभागांवर जातो. ते पृष्ठभाग दबले किंवा आकसले की धक्क्यासरशी अख्खी अ‍ॅक्शन लाकडात मागेपुढे सरकते आणि दर वेळी नव्या जागी स्थिरावते. वर्णन केलेले दोन पुंजके याच दोषाकडे बोट दाखवतात.

यात नागपूरच्या हवेचा हिशेबही धरायला हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि बाहेरची हवा कमालीची कोरडी असते, तर घरात वाळ्याचा कूलर दिवसरात्र ओलावा सोडत असतो. रायफलीचे कपाट कूलरच्या खोलीत असेल, तर लाकूड उन्हाळाभर पाणी पिते आणि रेंजवर नेल्यावर काही तासांत वाळू लागते. नंतर पावसाळ्यात पुन्हा फुगते. अक्रोडाचे असो की दुसरे कुठले, आडव्या रेषेतले लाकूड उभ्या रेषेपेक्षा पुष्कळ जास्त हलते. त्यामुळे नळीवर लाकडाचा दाब ऋतूप्रमाणे बदलतो आणि गोळीची जागाही बदलते. धरमपेठी, आपले कपाट कोणत्या खोलीत आहे? आणि पॉलिश करताना लाकूड घासले होते का? खोबणीच्या आतल्या बाजूलाही पॉलिश लावले होते का? बाहेरून चकचकीत आणि आतून कोरडे ठेवलेले लाकूड आतूनच ओल शोषते आणि वाकते.

पेंचप्रेमी
विषयाला थोडा फाटा फोडतो, त्याबद्दल क्षमस्व. शिकार बंद होऊन इतकी वर्षे लोटली, तरी शिकारी रायफलीची अचूकता वाढवण्याची चर्चा कशासाठी?

वकील_सिव्हिललाइन्स
प्रश्न रास्त आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीला मनाई आहे. पिकांचे नुकसान करणाऱ्या प्राण्यांबाबत कलम ११ मध्ये अपवाद आहे, पण तोही सक्षम वनाधिकाऱ्याच्या लेखी आदेशानेच लागू होतो. परवान्यावर पीकसंरक्षण असे लिहिलेले असले, तरी त्या जोरावर कोणालाही आपणहून रानडुक्कर मारता येत नाही. धरमपेठी कागदी लक्ष्यावर नेमबाजी करतात, त्यात कोणतीही अडचण नाही.

याच निमित्ताने दुरुस्तीबद्दलही सांगून ठेवतो. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ५ नुसार शस्त्राची व्यवसाय म्हणून दुरुस्ती करण्यासाठी आणि दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. त्यामुळे परदेशी चित्रफिती पाहून घरी काडतुसे भरण्याचा विचारही करू नये आणि काम नेहमी परवानाधारक कारागिराकडेच द्यावे. नळीचे टोक खराब झाले म्हणून ते कापून नवे करून घ्यावे, असा सल्ला काही जण देतात. परवान्याशिवाय नळी आखूड करणे कलम ६ खाली गुन्हा आहे. टोकाचे काम करायचेच झाले, तर आधी परवाना प्राधिकाऱ्यांकडे लेखी विचारणा करावी.

संत्राबाग
वकील साहेबांनी सांगितले ते आमच्या नरखेड भागात प्रत्येकाने वाचावे असे आहे. डुकरांनी रात्रीतून शेत उलथे केले की माणसाचा संताप अनावर होतो, पण बिनआदेशाची गोळी त्यालाच कोर्टात नेते. आणि आदेश हाती असेल तेव्हा तर रायफल नेमकी असलीच पाहिजे. जखमी डुक्कर उसात शिरले, तर सकाळी मजुरांच्या अंगावर जाते. म्हणून पेंचप्रेमी, अचूकतेची काळजी करणारा माणूस मला बेफिकीर माणसापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

दोन गोष्टी अनुभवाने सांगतो. काडतुसांचा डबा जीपच्या बोनेटवर किंवा उन्हात ठेवू नये. तापलेल्या दारूचा दाब वाढतो आणि गोळीचा वेग बदलतो. सकाळचा आणि दुपारचा ग्रुप वेगवेगळ्या उंचीवर जाण्याचे तेही एक कारण असते. शक्यतो एकाच लॉटची (एकाच खेपेत बनलेली) काडतुसे घ्यावीत आणि डब्यावरचा लॉट क्रमांक वहीत लिहून ठेवावा.

पेंचप्रेमी
संत्राबाग आणि वकील साहेब, आपले म्हणणे पटले. धन्यवाद.

निवृत्त_सुभेदार
वकील साहेबांनी नळीच्या टोकाचा विषय काढला, त्यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्याकडच्या जुन्या रायफलींचा हा सर्वांत दुर्लक्षित आजार आहे. एनसीसीत ज्यांनी रायफल साफ केली आहे, त्यांना पुलथ्रू आणि चिंधी आठवत असेल. पुलथ्रूचे वजन चेंबरकडून सोडतात आणि दोरी टोकाकडून ओढतात. ओढताना दोरी सरळ नळीच्या रेषेत ओढली पाहिजे. कंटाळलेला माणूस ती खाली किंवा एका बाजूला ओढतो. दोरीत धूळ बसलेली असते आणि वर्षानुवर्षे ती टोकाच्या एकाच बाजूला घासत राहते. शेवटी तिथे एक उथळ चर पडतो. गोळी नळी सोडत असताना मागचा वायू त्या बाजूने क्षणभर आधी निसटतो आणि गोळीला तिरका धक्का देतो. टोकाकडून लोखंडी गज घालून साफ करण्यानेही हेच होते. भिंग घेऊन, टोकावर तिरका उजेड पाडून कडा सर्व बाजूंनी सारखी आहे का ते पाहावे. कापसाचा बोळा कडेवरून फिरवला आणि त्याचे तंतू कुठे अडकले, तर तिथे कपची उडालेली आहे.

नळीच्या आतली तपासणीही करावी. तांब्याचा थर साचला असेल, तर अमोनियायुक्त द्रावणाने भिजवलेली चिंधी निळी-हिरवी होऊन बाहेर येते. जुन्या साठ्यातल्या काडतुसांच्या प्राइमरमध्ये (दारू पेटवणाऱ्या टोपीत) क्लोरेट असेल, तर ते जळून मीठ मागे राहते. ते मीठ हवेतले पाणी ओढते आणि नळी आतून गंजवते. तेल त्या मिठाला विरघळवत नाही, पाणी विरघळवते. म्हणून अशी काडतुसे वापरल्यावर आधी नळीतून उकळते पाणी सोडावे, नळी पूर्ण वाळवावी आणि मगच तेल लावावे. पावसाळ्यात हे काम दुसऱ्या दिवसावर टाकू नये.

झाडलेल्या काडतुसांच्या टरफलांकडेही पाहा. बुडाच्या थोडे वर चकचकीत वळे दिसले, तर हेडस्पेस (बंद बोल्ट आणि चेंबर यांच्यात काडतुसासाठी असलेली जागा) वाढलेली असू शकते. तो प्रश्न अचूकतेपेक्षा सुरक्षिततेचा आहे. तसे वळे दिसल्यास रायफल चालवणे तिथेच थांबवावे.

यंत्रवेडा
सागवान यांचा आक्षेप मी मान्य करतो. एनफिल्डचे लाकूड घासण्याची सूचना मागे घेतो. त्यांच्या म्हणण्याला पूरक अशी एक माहिती देतो. एनफिल्डच्या बोल्टाचे अडणारे दात मागच्या बाजूला आहेत, त्यामुळे गोळी सुटताना अ‍ॅक्शन आणि नळी इतर रायफलींपेक्षा वेगळ्या रीतीने थरथरतात. संथ गोळी नळीतून उशिरा बाहेर पडते आणि तोवर टोक किंचित वर उचललेले असते, म्हणून लांबच्या पल्ल्यावर वेगातला फरक काही अंशी भरून निघतो. या गुणामुळे ही रायफल दूरच्या स्पर्धांत नावाजली गेली. ५० किंवा १०० मीटरवर मात्र तीच थरथर उभ्या रेषेतला पसारा म्हणून दिसते. धरमपेठींच्या ग्रुपमध्ये थोडा उभा पसारा शेवटपर्यंत राहिला, तर तो दोष मानू नये.

धरमपेठी
सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंतची स्थिती सांगतो. फोरसाईटवरची पेन्सिलरेघ तुटली नाही. मागचा दस्ता घट्ट आहे. टरफलांवर वळे नाही. टोकाच्या खालच्या बाजूला भिंगातून हलकी झीज दिसते, कपची नाही. कपाट कूलरच्याच खोलीत होते, ते आता हलवले आहे.

सुभेदार साहेबांच्या सांगण्यावरून पुढच्या स्क्रूकडे विशेष लक्ष दिले. रायफल रिकामी करून, टोक वर करून उभी धरली. पुढचे लाकूड आणि नळी जिथे भेटतात त्या फटीवर बोट ठेवून स्क्रू अर्धा फेरा सैल केला आणि पुन्हा आवळला. प्रत्येक वेळी लाकूड बोटाखाली स्पष्ट सरकले. स्क्रू कितीही आवळला तरी तो ठाम थांबत नाही, लाकूड दाबत पुढे जात राहतो. याचा अर्थ काय घ्यावा?

सागवान
अर्थ जवळजवळ स्पष्ट आहे. या घराण्यातल्या रायफलींत पुढच्या स्क्रूभोवती, लाकडाच्या आत, लोखंडी नळकांडीसारखी एक कॉलर असते. स्क्रू आवळल्यावर चापाची कडी त्या कॉलरवर टेकते आणि लोखंडाला लोखंड भिडून थांबते, त्यामुळे लाकडावर ठरलेल्यापेक्षा जास्त दाब येत नाही. पॉलिशसाठी लाकूड उतरवले, तेव्हा ती कॉलर निसटून राहून गेली असावी. ती नसेल, तर दर वेळी स्क्रू लाकडात थोडा आणखी रुततो, अ‍ॅक्शनची बैठक दबते आणि मागच्या पृष्ठभागांवरची पकड सुटते. परवानाधारक कारागिराकडे लाकूड उतरवून समोर बसून खात्री करून घ्या. कॉलर नसेल, तर नवीन बनवताना तिची लांबी नेमकी हवी. लांब झाली तर लाकूड सैल राहील, आखूड झाली तर ती असून नसल्यासारखीच.

जुनापूल
कॉलरचा मुद्दा मला नवीन आहे. तसे निघाले तर नळी बदलण्याचा खर्च वाचेल, हे उत्तमच. निकाल अवश्य कळवा.

धरमपेठी
निकाल कळवतो. कारागिरासमोर लाकूड उतरवले. कॉलर नव्हती. स्क्रूच्या भोकाभोवती लाकूड दबून काळसर झाले होते आणि मागच्या दोन पृष्ठभागांपैकी डावा पृष्ठभाग लोखंडाला टेकतच नव्हता. काजळी लावून अ‍ॅक्शन बसवली, तेव्हा उजवीकडे काळा ठसा उमटला आणि डावीकडे लाकूड कोरे राहिले. पुंजका डावीकडे का जात होता, हे तेव्हा लक्षात आले. कारागिराने मापाची नवी कॉलर बनवली, डाव्या बाजूला कठीण लाकडाची पातळ चकती चिकटवली आणि पुन्हा काजळी लावून दोन्ही ठसे सारखे येईपर्यंत ती घासली. खोबणीच्या आतून कच्च्या जवसाच्या तेलाचा हातही दिला.

रेंजवर, सकाळच्या वेळी, एकाच लॉटची काडतुसे सावलीत ठेवून, दोन गोळ्यांमध्ये नळी निवू देत पाच गोळ्या झाडल्या. ग्रुप ९ सेंटिमीटरचा आला आणि पुंजका एकच आहे. पसारा आडवा फारसा नाही, उभा आहे. आता दोन प्रश्न उरतात. टोकाच्या हलक्या झिजेचे काही करावे का? आणि नेमाचा मध्य ३ सेंटिमीटर उजवीकडे गेला आहे, तो कसा आणावा?

दहामीटर
अभिनंदन. साईट लगेच हलवू नका. नवे लाकूड काही गोळ्या पचवून बसते, म्हणून आणखी एक-दोन ग्रुप त्याच जागी येऊ द्या. त्यानंतर फोरसाईट सरकवताना लक्षात ठेवा की गोळी उजवीकडे जात असेल, तर फोरसाईटही उजवीकडेच सरकवावी लागते. बॅकसाईटचा नियम याच्या उलट आहे. यंत्रवेडांच्या हिशेबाने ३ सेंटिमीटरसाठी ०.३ मिलिमीटर पुरते. उन्हाची दिशाही टिपून ठेवा. एका बाजूने ऊन पडले की फोरसाईटची उजळलेली कडा डोळ्याला मध्य वाटते आणि नेम दुसऱ्या बाजूला सरकतो.

निवृत्त_सुभेदार
९ सेंटिमीटरचा एकच पुंजका या रायफलीसाठी, उघड्या साईटने, समाधानकारक आहे. टोकाच्या झिजेला सध्या हात लावू नये. पुलथ्रू बाजूला ठेवावा आणि चेंबरकडून घालायचा, प्लॅस्टिकचे आवरण असलेला एकसंध गज वापरावा. बोल्ट काढता येत असल्याने मागून साफ करणे सोपे जाते. झीज वाढत गेली आणि ग्रुप पुन्हा पसरू लागला, तर वकील साहेबांनी सांगितलेल्या मार्गाने परवानगी घेऊन टोकाचे काम करावे.

वकील_सिव्हिललाइन्स
त्यात एकच भर घालतो. कारागिराकडून दुरुस्तीची पावती घ्यावी आणि तिच्यावर शस्त्राचा क्रमांक लिहून घ्यावा. रायफल दुकानात ठेवण्याची वेळ आली, तर ठेवल्याची आणि परत घेतल्याची नोंद तारखेसह दुकानाच्या वहीत झाली पाहिजे. नूतनीकरणाच्या वेळी हीच कागदपत्रे मागितली जातात.